सावलीतल्या चहाला औषध करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आपल्या पुरवणीत जपानच्या ‘ग्योकुरो’ या सावलीत वाढवलेल्या हिरव्या चहावर अर्धं पान आलं होतं. फोटो सुरेख होता. मजकूर वाचताना मात्र मी दोनदा चष्मा पुसला. या चहात अँटिऑक्सिडंट सर्वांत जास्त, कॅफीन नावापुरतं, म्हणून रात्री झोपण्याआधी एक मोठा मग घ्यावा, पोटाचा घेर उतरतो, असं त्यात होतं. आणि शेवटी, हा चहा आता इंदुरातही मिळू लागला, ही आनंदवार्ता.

मी इथल्या सियागंज बाजारात चहाच्या एका पेढीवर एकतीस वर्षं काढली. मालक शेठजी, मी त्यांची जीभ. कोलकाता, सिलिगुडी, गुवाहाटीच्या लिलावातले नमुने यायचे, छोट्या छोट्या पुड्यांत. अडीच ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी, पाच मिनिटं. मग पळीनं भुरका मारायचा आणि थुंकायचं. दिवसाला पन्नास-साठ नमुने. त्यातून मिश्रण बांधायचं. टपरीवाल्याला रंग हवा, घरच्या गिऱ्हाइकाला वास हवा, लग्नाच्या आचाऱ्याला यातलं काहीच नको, फक्त भाव हवा. ममरी, डस्ट, पत्ती, सगळ्यांशी ओळख झाली. हिरव्या चहाचा मात्र एकच डबा असायचा, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तोंड वाकडं करत येणाऱ्यांसाठी. त्यामुळे हिरव्या चहाबद्दल मला फार कळतं असा दावा नाही. पण ग्योकुरोची एक पुडी गेल्या दिवाळीत माझ्या घरी आली, आणि तिच्यापायी मी जो काही शिकलो, त्यावरून सांगतो की पुरवणीतल्या त्या मजकुरात गोष्ट अगदी उलटी झाली आहे.

माझी भाची नोकरीनिमित्त जपानात, फुकुओकाला असते. तिच्या कचेरीतल्या एका बाईचं माहेर होशिनोला. यामे म्हणून जो चहाचा मुलूख आहे, त्याच्या डोंगराळ अंगाला हे गाव. तिथं त्या घरचा मळा आहे, म्हातारा-म्हातारी आणि एक मुलगा मिळून करतात. मे महिन्यात खुडणीला हात कमी पडतात म्हणून भाची सुट्टी टाकून दोन दिवस गेली, आणि दिवाळीला आली तेव्हा पन्नास ग्रॅमची एक चपटी पुडी माझ्या हातात ठेवून म्हणाली, “मामा, यातली काही पानं मी खुडलेली असतील.”

भाची नाशिकला गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सौ.नी त्या पुडीतले दोन चमचे नेहमीच्या भगोन्यात टाकले. आलं, साखर, दूध, दोन उकळ्या. गाळल्यावर कपात जे उतरलं त्याचा रंग पालकाच्या सुपासारखा, आणि वास असा की शेजारच्या काकूंनी विचारलं, सकाळी सकाळी मासे कुठून आणले? आमच्या घरात मासे शिजत नाहीत. “अहो, खराब निघाला की हो पोरीचा चहा,” म्हणून सौ. हळहळल्या. मीही पेढीवरच्या सवयीनं उरलेल्या पत्तीतली अडीच ग्रॅम मोजून उकळतं पाणी ओतलं आणि पाच मिनिटं थांबलो. कडू जहर. संध्याकाळी भाचीला फोन लावला. ती आधी हसली, मग गप्प झाली, मग म्हणाली, “मामा, उकळतं पाणी? त्या आजी ऐकतील तर रडतील.” पुडीची किंमत तेव्हाच सूनबाईनं तिच्याकडून काढून घेतली: अडीच हजार येन, म्हणजे आपले चौदाशे रुपयांच्या घरात. आमच्या दुधातल्या प्रयोगात दोनशेएक रुपये गेले.

आता उकळत्या पाण्याबद्दल. आम्ही पेढीवर उकळतं पाणी वापरायचो ते चहाची खोड बाहेर काढायला. मालात काय काय लपलंय ते उकळीत कळतं. ग्योकुरोचं गणित वेगळं आहे. तिथं पन्नास-साठ अंशांचं पाणी, पत्ती भरपूर, पाणी जेमतेम, आणि दोन-अडीच मिनिटं हात न लावता बसायचं. माझ्याकडे थर्मामीटर नाही. मी उकळलेलं पाणी एका स्टीलच्या वाटीत ओततो, तिच्यातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. तिसरी वाटी बुडाशी तळहातावर धरून चार आकडे मोजता आले की पाणी झालं. पाच ग्रॅम पत्तीवर अर्धी वाटीसुद्धा नाही, तीन-चार मोठे चमचे फार तर. सौ. म्हणाल्या, हे काय तीर्थ आहे का? हो, तेवढंच. शेवटचा थेंब निघेपर्यंत भांडं आडवं धरायचं, कारण सगळा अर्क त्या थेंबात असतो.

आणि चव? मला शब्द सापडायला तीन दिवस लागले, आणि शब्द शोधणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. कीस करायला कोवळा भुट्टा किसताना बोटांवर जे दूध येतं ते चाखून पाहा. त्यात वरणाच्या निवळीचा दाटपणा घाला. वर समुद्राच्या शेवाळाचा एक वास, जो मला आधी खटकला आणि नंतर हवासा झाला. गोड म्हणावं तर साखर नाही, खारट म्हणावं तर मीठ नाही. जिभेवर पाच मिनिटं बसून राहतं. जपान्यांनी या चवीला उमामी हे नाव 1908 मध्ये दिलं, समुद्री शेवाळाच्या रश्शावरून. आपल्याकडे नाव नसलं तरी आमटीत, वरणात आपण तीच शोधत असतो.

तीन पाणी काढून झाल्यावर तिकडे ती भिजलेली पानंही खातात, सोयाचा एखादा थेंब टाकून. आमच्या घरी सोया कुठला! मी लिंबू पिळलं आणि पोह्यांवर घालतो ते जिरावण भुरभुरवलं. कोवळ्या मेथीसारखी लागली. नातवानं वर शेव घालून संपवली. (होशिनोच्या आजींना हे कृपया कोणी कळवू नये.)

चवीत आणि औषधाच्या गप्पांत कुठे फरक पडतो ते आता सांगतो, कारण पुरवणीतली मूळ चूक तिथंच आहे.

खुडणीच्या आधी साधारण तीन आठवडे या मळ्यावर मांडव घालतात. लाकडी खांब, तारा, आणि वर भाताचा पेंढा हातानं पसरायचा, आधी विरळ, मग दाट. भाची म्हणाली, “मामा, बाहेर लख्ख ऊन आणि आत शिरलं की संध्याकाळ. मोबाइलचा फोटोसुद्धा नीट येईना. पेंढ्यातून कुठे कुठे उन्हाचा एखादा नाणं नाणं तुकडा जमिनीवर पडलेला.” हे ऐकून मला ग्वाल्हेर आठवलं. लहानपणी तिथल्या लष्कर भागात मावशीकडे सुट्टीत जायचो, तेव्हा काका एकदा बिलौआच्या बरेजात, म्हणजे विड्याच्या पानांच्या झाकलेल्या मळ्यात, घेऊन गेले होते. तीच ओल, तोच हिरवा काळोख, वाकून चालायचं, आणि मोठ्यानं बोललं तर माळी रागावणार. विड्याच्या पानाला ऊन मानवत नाही. चहाला मानवतं, पण इथं ते मुद्दाम तोडलेलं असतं.

का तोडायचं? चहाच्या मुळांत थिअॅनिन नावाचा एक पदार्थ तयार होतो आणि तो पानात चढतो. गोडसर, वरणाची जी चव मी म्हणालो, ती मुख्यतः त्याची. 1950 च्या सुमारास क्योतोत तो पहिल्यांदा वेगळा काढला गेला, तोही ग्योकुरोच्याच पानांतून. पानावर ऊन पडलं की हा थिअॅनिन मोडतो आणि त्यातून कॅटेचिन बनतात. कॅटेचिन म्हणजे तुरटपणा. जीभ आकसते ती त्यांनी. सावली केली की हे रूपांतर अडतं, थिअॅनिन पानात साचून राहतो. पान पातळ होतं आणि, गवतावर पाट ठेवला तर ते पिवळं पडतं तसं न होता, उलट गर्द हिरवं होतं, कारण जो थोडा उजेड झिरपतो तो पकडायला पान हरितद्रव्य वाढवतं. पूर्ण अंधार नसतो, हे त्यातलं मर्म.

आता गंमत पाहा. ‘ग्रीन टी’च्या जाहिरातीत ज्या अँटिऑक्सिडंटचा डांगोरा पिटला जातो, ते म्हणजे प्रामुख्यानं हेच कॅटेचिन. म्हणजे तो शेतकरी तीन आठवडे पेंढा पसरतो तो नेमके तेच कमी करायला! आपल्या लेखात त्याच चहाला अँटिऑक्सिडंटचा राजा ठरवलं आहे. ज्यांना कॅटेचिन हवेत त्यांनी उघड्या उन्हात वाढलेला साधा जपानी सेंचा घ्यावा. स्वस्त पडेल आणि तुरटही लागेल.

कॅफीनचं तर विचारूच नका. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यात ग्योकुरोच्या 100 मिलिलिटर अर्कात 160 मिलिग्रॅम कॅफीन दिलं आहे. कॉफीत 60, सेंचात 20. तो आकडा 10 ग्रॅम पत्ती आणि 60 मिलिलिटर पाणी या घट्ट अर्काचा आहे, आणि तो घोट-दोन घोट प्यायचा असतो, म्हणून चालतं. आपल्या लेखिकेनं सांगितला तसा अडीचशे मिलिलिटरचा मग त्याच घट्टपणानं भरला तर 400 मिलिग्रॅम झाले. निरोगी प्रौढ माणसाला दिवसभरात साधारण इतकीच मर्यादा सांगतात, तीही रात्री निजताना एकदम घ्या असं कोणी सांगत नाही. मी स्वतः एकदा रात्री आठला हौसेनं तीन पाणी प्यालो. एक वाजता उठून जुन्या वह्या चाळत बसलो, दोनला गच्चीवर गेलो. सौ.नी विचारलं, काय झालं? म्हटलं, चहाचा अभ्यास चाललाय. माझं वय सदुसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. माझ्याच वयाच्या कुणा वाचकानं तो लेख वाचून निजताना मगभर घेतला असेल तर?

मग या चहाचं मोल कशात आहे? माझ्या मते ते हातात आहे.

भाची दिवसभर खुडत होती. कंबर मोडली, बोटं काळी-हिरवी झाली, संध्याकाळी टोपली तोलली तर साडेतीन किलो. तिच्या शेजारच्या आजीची नऊ किलो, आणि त्या मधूनमधून हिच्या टोपलीतली राठ पानं काढून टाकत होत्या! साधारण पाच किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो. म्हणजे भाचीची अख्ख्या दिवसाची मजुरी सातशे ग्रॅम. माझ्या पुडीत पाव किलो ओली पानं होती, एक कळी आणि कोवळी पानं अशी एकेक करून खुडलेली. दुधात उकळलेले ते दोन चमचे मला आजही टोचतात. पानं त्याच दिवशी वाफवतात, नाहीतर ती काळी पडायला लागतात. मग चोळणं, वळणं, वाळवणं, सुईसारखी बारीक काडी होईपर्यंत. झुडपाला वर्षात ही एकच खुडणी. ती झाली की झुडपं छाटतात, मांडवाचा पेंढा बुडाशी खत म्हणून जातो, आणि पुढच्या मे पर्यंत वाट. आपण मृगाकडे डोळे लावून बसतो तसे ते वसंतारंभापासून 88 दिवस मोजतात. तो दिवस 2 मेच्या आसपास येतो.

यामेच्या या जुन्या पद्धतीच्या चहाला तिकडच्या सरकारनं डिसेंबर 2015 मध्ये भौगोलिक मानांकन दिलं. त्याची शिस्त कडक: झुडूप कातरून सपाट केलेलं नको, मोकळं वाढलेलं हवं, सावली पेंढ्यासारख्या नैसर्गिक वस्तूची आणि किमान 16 दिवस, आणि खुडणी हातानं. बाकी ठिकाणी काळी प्लॅस्टिकची जाळी आणि कातरणारं यंत्र आलं आहे. त्यालाही मी नावं ठेवणार नाही, माणसं मिळत नाहीत तर करतील काय? भाचीच्या त्या घरी खुडणाऱ्या बायांत साठीच्या आतली ही एकटीच होती. शिवाय माचाची, म्हणजे हिरव्या चहाच्या भुकटीची, मागणी गेल्या दोन-तीन वर्षांत जगभर अशी उसळली आहे की सावलीतलं पान वाफवून, न वळता, थेट माचासाठी द्यावं असा मोह सगळ्यांनाच. म्हातारा म्हणतो, मी आहे तोवर वळणार. मुलगा काही बोलत नाही.

सावली देण्याची ही युक्ती जुनी, पण ग्योकुरो म्हणून हा चहा 1835 मध्ये क्योतोजवळच्या उजी भागात निघाला असं मानतात, आणि त्याचं श्रेय एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, चहाच्या एका पेढीच्या सहाव्या मालकाला, यामामोतो काहेई यांना देतात. म्हणजे हे खटलं मुळात पेढीवाल्याचं. वाचून मला उगीच बरं वाटलं.

आता इंदुरात मिळणाऱ्या ‘ग्योकुरो’विषयी. आपला लेख वाचून मी एका मॉलमधल्या चकचकीत दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. नऊशे रुपयांचा डबा घेऊन आलो. उघडला तर पत्ती वेटोळी, करडी-पिवळी, वास भाजलेल्या शेंगदाण्याचा. म्हणजे वाफवलेला नव्हे, कढईत परतलेला चहा. तोही चांगला असू शकतो, पण हा तो नव्हे. पाणी पिवळं, जीभ आकसली. डब्याच्या बुडाशी मुंगीच्या अक्षरात ‘जपानी पद्धतीचा’. खुडणीचं साल नाही, गाव नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “अंकल, इंपोर्टेड है, सब ले जा रहे हैं.” दोष माझाही आहे. एकतीस वर्षं नमुना चाखल्याशिवाय एक गोणी न उचलणारा मी, डबा न उघडता पैसे मोजून आलो.

भाचीच्या पुडीवर काय होतं ते तिच्याकडून वाचून घेतलं: घराचं नाव, वाडीचं नाव, झुडपाची जात साएमिदोरी, खुडणीचा महिना आणि साल, हातानं खुडलेला. बस. आरोग्याबद्दल एक अक्षर नाही.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही तरी काय केलंत पेढीवर? पंधरा बागांचा माल एका नावाखाली विकलात. विकला. मिश्रण हा हुन्नर आहे, बारा महिने एकच चव देणं सोपं नाही, आणि मला त्याची लाज नाही. पण एक गोष्ट तेव्हाही खटकायची. आज देशातला निम्म्याहून जास्त चहा लहान उत्पादकांच्या पानांचा आहे. दोन-चार एकरवाली घरं. त्यांचं पान कारखान्याच्या काट्यावर चढलं की नाव संपतं. आमच्यापर्यंत यायचा तो कारखान्याचा शिक्का आणि लॉटचा नंबर. एखादा नमुना जिभेवर असा यायचा की विचारावंसं वाटे, हे पान कुणाचं? विचारायला जागाच नसे.

म्हणून आपल्याला विनंती. एक, त्या लेखातल्या कॅफीनच्या वाक्याची दुरुस्ती पहिल्या संधीला छापा, बाकीची मागून छापली तरी चालेल. दुसरी, अर्धं पान पुन्हा द्यायचं असेल तर हिमाचलातल्या कांगड्याच्या चहावर द्या. 1905 च्या भूकंपात तिथले कारखाने आणि माणसं गेली, इंग्रज मळेवाले निघून गेले, आणि बागा छोट्या छोट्या स्थानिक हातांत राहिल्या. 2005 मध्ये कांगडा चहाला भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवा चहा तिथंही होतो, आणि खुडणाऱ्याचं गाव विचारलं तर सांगता येतं. सियागंजात तो मागितला तर अजून लोक तुमच्याकडे पाहत राहतात.

माझ्या पुडीत एक वेळची पत्ती उरली आहे, पाच ग्रॅम भरेल. ज्यांनी तो लेख लिहिला त्या ताईंनी जरूर यावं, वाट्या तयार आहेत. फक्त सकाळी या, दहाच्या आत.

आपला,
सियागंजातला एक निवृत्त चहा चाखणारा
लोकमान्य नगर, इंदूर